अंगोलाच्या किनाऱ्यावरचा आडवा खांब

मित्रांनो, अंगोलाच्या किनाऱ्यावर वाळूत पालथा पडलेला मी एक जुना दगडी खांब आहे. माझ्या छातीवर पोर्तुगालच्या राजाची मुद्रा कोरलेली आहे आणि डोक्यावर देवाचा क्रूस होता. आता दोन्ही वाळूत तोंड खुपसून आहेत.

लिस्बनजवळच्या खाणीत माझा जन्म झाला. पाथरवटांनी मला घडवलं, खलाशांनी जहाजात निजवलं. कितीतरी महिने मी अंधारात लाटांचा आवाज ऐकत होतो. मग या टेकाडावर मला उभं करून त्यांनी प्रार्थना म्हटली, "ही भूमी आमच्या राजाची" असं जाहीर केलं आणि शिडं उभारून ते निघून गेले. ही भूमी ज्यांची होती, त्यांना कुणी विचारलंही नाही.

पुढे जहाजं पुष्कळ आली. याच किनाऱ्यावरून माणसांना साखळदंडांत बांधून नेलं. मागे राहिलेल्या आया माझ्याकडे पाठ करून बसत. मी देवाचं चिन्ह डोक्यावर घेऊन उभा, आणि माझ्या सावलीलासुद्धा कुणी येईना. एवढं एकटेपण कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माझा उपयोग शोधला तो इथल्या कोळ्यांनी. किनाऱ्यालगत पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांतून आत यायला एकच अरुंद वाट आहे. समुद्रावरून पाहताना मी आणि मागच्या टेकडीवरची गोरखचिंच एका रेषेत आलो, की होडी नेमकी त्या वाटेवर असते. पिढ्यान् पिढ्या ते माझ्याकडे बघत घरी आले. येताना बघायचे, आल्यावर नाही.

मग स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. गावात ढोल घुमू लागले. कियाला नावाचा तरुण पोरांना घेऊन आला. त्यांनी माझ्या गळ्यात दोर टाकला.

"ओढा रे! शतकानुशतकं उभा आहे, आता जरा आडवं होऊ दे म्हाताऱ्याला!"

मी बुडापाशी मोडून कोसळलो. सगळे नाचू लागले. तेवढ्यात कियालाची थोरली बहीण लुझोलो धावत आली.

"मेल्या, काय केलंस हे? होड्या बाहेर आहेत!"

"येतील की, ताई."

"कशाच्या आधारानं येतील? तुझ्या तोंडाकडे बघून?"

"म्हणजे आजच्या दिवशी तू गोऱ्या राजाच्या दगडासाठी रडणार?"

"राजा गेला खड्ड्यात! माझा नवरा समुद्रात आहे!"

ढोल थांबले. कोळ्यांची पोरं ती. पण आनंदाच्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दूर होड्या खडकांच्या पलीकडेच घुटमळत होत्या आणि ऊन उतरत होतं. मला पुन्हा उभं करायला सगळे झटले, पण मोडका दगड तो, कसा उभा राहणार?

लुझोलोनं डोक्याचं पिवळं फडकं सोडलं. "कियाला, खांब होता तिथं उभा राहा. पाय रोव." आणि ती त्याच्या खांद्यांवर चढली.

"ताई, जड झालीस गं!"

"गप. हलू नकोस."

वारा त्यांना ढकलत होता. पोरांनी कियालाच्या कमरेला मिठ्या मारल्या. लुझोलोनं फडकं उंच धरलं आणि रविवारी प्रार्थनेला गायची ती देवाची कथा गाऊ लागली. तिनं ओळ म्हणावी, साऱ्या गावानं ध्रुपद धरावं. मित्रांनो, राजाच्या नावानं माझ्यापुढे कितीतरी प्रार्थना झाल्या होत्या; अशी एकही नव्हती.

पहिली होडी वळली. मग दुसरी. एकेक करून सगळ्या आत आल्या. लुझोलोचा नवरा म्पान्झू पाण्यातूनच ओरडला, "खांबाला लुगडं कुणी नेसवलं रे?" ती खाली उतरली आणि हसता हसता रडू लागली.

सगळे गावात गेले. मी तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी कियालानं माझ्या जागी ताडाचा उंच सोट रोवला. त्याच्यावर कुणाचीच मुद्रा नाही. माझ्या पाठीवर आता बायका मासे वाळवतात; त्या गेल्या की फक्त वारा असतो.

मला उभं करा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखं जे पाडायलाच हवं, ते जरूर पाडा. फक्त दोराला हात घालण्यापूर्वी एकदा समुद्राकडे बघा, बाळांनो. कुणाची तरी होडी अजून यायची असेल.