छायाच्या घरचे पापड

माणूस आजारी पडला की कडावची आमची आळी शहाळी घेऊन धावत येते. तोच माणूस बरा होऊन परतला की ती दार लोटून घेते. वर याला काळजी म्हणते!

छायाला छातीचा कॅन्सर झाला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सांगितलं, की छाया बरी आहे, हा रोग कुणाला लागत नाही, तिला चारचौघींत मिसळू द्या, झेपतील ती हलकी कामं करू द्या. सोनाबाईने मान डोलावली. घरी येऊन सुनेचं ताट-पेला वेगळं ठेवलं आणि आळीत सांगत फिरली, की तिला कुठे बोलावू नका. डॉक्टरांपेक्षा हिला जास्त कळत होतं ना!

उन्हाळ्यात पापड सुरू झाले. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं सगळ्याजणी पोळपाट-लाटणं घेऊन जातात. छायाला यंदा एकाही घरातून हाक आली नाही. शेवटी तिनेच उडदाचं पीठ भिजवलं, नवरा पोपट याच्याकडून कुटून घेतलं आणि घरोघर सांगून आली. सगळ्याजणी हो म्हणाल्या. दुपार कलली तरी कुणाचा पत्ता नाही. एकीचं डोकं दुखत होतं, एकीची म्हैस व्यायला झाली होती. ती म्हैस गेल्याच महिन्यात व्याली होती! खोटंही धड बोलता येत नाही या बायांना.

ओल्या फडक्याखाली पीठ कडक व्हायला लागलं. छाया एकटीच लाटत होती.

"आई, आता मी कुणाच्या दारात जायची नाय," ती सासूला म्हणाली. "आन कुणाला बोलवायची बी नाय."

हिला बोलावू नका असं आपणच सांगितलं होतं, हे विसरून सोनाबाई तणतणत शेजारच्या चिमाकडे गेली आणि तिला नाही नाही ते बोलली. चिमाने ऐकून घेतलं.

"वयनी, तिचा पेला तूच येगळा ठेवतीस," ती शांतपणे म्हणाली. "घरच्यांनाच भ्या वाटतं, मंग आमी कशाला येऊ?"

चिमा काही शहाणी नव्हे, भित्रीच. पण बोलली ते खरं होतं आणि ते सोनाबाईच्या जिव्हारी लागलं.

ती घरी आली आणि छायासमोर बसली. तिच्या हातातली लाटी घेऊन, तेलात बुडवून तिने तोंडात टाकली.

"चुकलं माजं, पोरी. डॉक्टरांचं आयकलं, पन मनातलं भ्या गेलं नाय."

मग लाट्यांची ताटली घेऊन ती आळीत उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत आणखी एक खाल्ली.

"ज्यांना रोग लागंल आसं वाटतं, त्यांनी खुशाल दारं लावा. बाकीच्यांनी पोळपाट आना!"

दोन दारं खरोखरच लागली. त्यांना काय म्हणावं! बाकीच्या मात्र एकेक करून खाली मान घालून आल्या. चिमाही आली. सगळ्याजणी लाटायला बसल्या. मग चिमाने छायाचा पापड उचलून उजेडात धरला.

"छाये, लय जाड लाटलास गं. कच्चा राहील ह्यो."

छायाचे डोळे भरून आले. वर्षभर सगळे तिला बिचारी म्हणत होते, तिची चूक कुणी काढली नव्हती.

"तुजा तरी कुठं गोल हाय?" ती म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या.

मंडळी, उपचार संपवून आलेल्या माणसाला तुमची कीव नको असते. त्याला आपल्यात बसवा, झेपेल ते काम द्या आणि चुकलं तर हक्काने बोला. एवढंही जमत नसेल, तर निदान म्हशीचं नाव पुढे करू नका.