सगळं नॉर्मल

मी देवश्री, रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. राजधानी नवी, कॉलेज नवं, जुनी एकटी मी. धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट, म्हणजे एबीजी, माझ्यासारखा रायपुरात कोणी शिकवत नाही, असं मीच सांगत फिरते. पीएच पाहा, कार्बन डायऑक्साइड पाहा, बायकार्बोनेट पाहा. तिन्ही आकडे हद्दीत असले की नॉर्मल लिहा आन् पुढं व्हा. उगाच डोकं लावू नका.

राधिकानं तोंडी परीक्षेत डोकं लावलं. प्रश्न साधा होता. दम्याचा पेशंट धापा टाकून राहिला, कार्बन चाळीस, सांग काय आहे. पोट्टी म्हणते, "मैडम, ये खराब है." मी म्हटलं, अवं बाई, चाळीस नॉर्मलच असते. ती हटेना. मले राग आला, मी तिले नापास केलं. घरून तिले बजावलेलं होतं, एकदा नापास झाली तर चालवून घेऊ, दुसऱ्यांदा घसरली तर शिक्षण बंद आन् लग्न. हे मले माहीत होतं, तरी केलं.

चार दिवसांनी माझ्या भावाले, श्रीपादले, शंकर नगरातल्या घरून आमच्या कॉलेजच्याच दवाखान्यात आणलं. दमाच. रिपोर्ट माझ्या हातात आला, कार्बन चाळीस. मी गोदूवहिनीले सांगितलं, "घाबरू नको, सगळं नॉर्मल आहे." बिचारी रडता रडता हसली.

राधिकाची त्या वॉर्डात ड्यूटी होती. ती घड्याळ धरून श्रीपादचे श्वास मोजत होती. "मैडम, मिनिट में छत्तीस. इतनी तेज साँस में कार्बन कम होना चाहिए. चालीस मतलब भैया थक गए हैं." मी तिले झापायले तोंड उघडलं आन् श्रीपादकडं नजर गेली. त्याले माझं नावही पुरं घेता येत नव्हतं. डॉक्टरले आणायले राधिकाच पळाली. त्याले लगेच आयसीयूत नेऊन मशीनवर घेतलं. पाचव्या दिवशी तो चहा मागू लागला.

मी प्राचार्य यशवंतराव सरांकडं गेले. म्हटलं, चूक माझी आहे, त्या पोट्टीले पास करा. ते हसले. "मॅडम, रिपोर्ट तुमच्या हातात होता, भावाचा जीव तुम्हीच वाचवला. मोठेपणा किती दाखवाल?" मी तीनदा सांगितलं, तीनदा माझ्या विनयाचं कौतुक झालं. शेवटी सगळ्यांपुढं मले शाल-श्रीफळ दिलं. राधिका टाळ्या वाजवत होती. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिन्यांनी तिची पुन्हा तोंडी लागली. मी मुद्दाम तोच प्रश्न ठेवला. तिनं बरोबर सांगावं, मी भरभरून मार्क द्यावे, एवढीच इच्छा. शेजारी बाहेरचे परीक्षक बसले होते. त्यांच्या हातात उत्तरांचा कागद, तोही माझाच, तीन वर्षांपूर्वी मी लिहून दिलेला. तो बदला म्हणून अर्ज केला होता, त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

"कार्बन चाळीस," मी म्हटलं. "आता तुले जे वाटते ते सांग."

राधिकानं माझ्याकडं पाहिलं, मग परीक्षकांच्या हातातल्या कागदाकडं.

"नॉर्मल, मैडम."

परीक्षकांनी खुशीत मान हलवली. मी तिले पैकीच्या पैकी मार्क दिले आन् सही करताना मान वर केली नाही.