सकाळची मल्ली

संजीव सकाळी दूध आणायला जायचा आणि दुधाबरोबर हातभर मल्ली घेऊन यायचा. चेन्नईत मोगऱ्याला मल्ली म्हणतात. गजरा रुचिराच्या नाकाशी धरून विचारायचा, "येतोय?"

वर्षापूर्वी दोघं त्याच्या स्कूटरवरून पडली. त्याचं खरचटण्यावर निभावलं. तिच्या डोक्याला मार लागला आणि वास यायचाच बंद झाला. परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून हा माणूस धड जेवेना, धड झोपेना. पंधरवड्यापूर्वी त्याने पहिला गजरा आणला, तेव्हा त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "येतोय रे, थोडा थोडा." साफ खोटं! पण मग तो शीळ घालत गिंडीच्या कारखान्यात गेला, आणि बाईंनी दुधासारखा खोट्याचाही रतीब लावला.

आज शेजारच्या भवानीमामी आल्या. मूळच्या तंजावरच्या मराठी. रुचिराने त्यांच्यापुढे गजरा धरला, "काय वास आहे ना?"

मामी हुंगून हसल्या. "सकाळी कुठला वास ग? मोट्टु आहे की हे, मिटली कळी. सांज पडली म्हणजे फुलेल, मग घर भरून वास!"

पुण्यात रुचिराने गजरे घेतले ते संध्याकाळी, फुललेले. फुलांनाही वासाची वेळ असते हे तिच्या गावीही नव्हतं. पण संजीवचं नाक तर शाबूत होतं!

मग तिचं बूड एका जागी टेकेना. भात करपला, तो धूर दिसल्यावर कळला. कारखान्यात फोन लावला, घंटा वाजायच्या आत ठेवला. आपण फसवलं याची लाज आणि त्याने फसवू दिलं याचा राग, दोन्ही एकदमच उसळत होतं. ऊन कललं तशा कळ्या एकेक उकलू लागल्या. दिवेलागणीला गजरा पांढराशुभ्र फुलला. ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. काही म्हणजे काही आलं नाही.

संजीव आला तो दारातच थबकला.

"सकाळी याला वास नसतो ना?" तिने विचारलं.

तो बूट काढत राहिला. "नसतो. पहिल्याच दिवशी तू आत गेल्यावर मी हुंगून पाहिला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू हो म्हणालीस की दिवस ढकलता यायचा. खोटं आहे ते कळायचं, तरी रोज ऐकावंसं वाटायचं."

तिला कडकडून भांडायचं होतं. त्याऐवजी तिने गजरा त्याच्या हातात दिला. "मला येत नाही, संजीव. कधीच आला नाही. आता तू सांग, कसा येतोय?"

त्याने गजरा नाकाशी नेला. "खूप येतोय ग," एवढंच म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्यासमोर रडला.