म्हशीचं तोंड

कोपर लागलं आणि तांब्यावरचं फुलपात्र खणकन फरशीवर पडलं. दुपारच्या निजलेल्या घरात तो आवाज केवढा तरी वाटला. भाग्यश्रीनं आधी पोराकडं पाहिलं. चार वर्षांचा सम्राट कुशीवर वळला, पण उठला नाही. उठल्या त्या सासूबाई.

सोजरबाई दारात येऊन थबकल्या. खाली रिकाम्या गोणीशेजारी पेपर अंथरलेला, त्यावर म्हशीची पांढरीफटक कवटी, आणि सून तिच्या गालाच्या हाडाला मोजपट्टी लावून बसलेली.

"अगं बया! ही कुठनं आणलीस?"

"नदीतनं, आत्या. वाळूत पडली होती. साबणानं धुतलीय मी."

"साबणानं धुतली म्हणती! ह्या घरात मेलेलं ढोर शिवायचं न्हाई म्हणून माझ्या सासऱ्यानं धम्माची दीक्षा घेतल्यावर गावाशी वैर घेतलं. दळण बंद, दुकान बंद. आन् तू एवढी शिकून गोणीत घालून आणतीस? दिवेलागणीच्या आत बाहेर गेली पायजे."

भाग्यश्रीनं मोजपट्टी खाली ठेवली. भीमेच्या पलीकडे, दौंडच्या अंगाला, दरडीत एका नामशेष रानम्हशीचा दगड झालेला वरचा जबडा सापडला होता. त्याच्यावरच तिचा पीएचडीचा अभ्यास चालला होता. त्याच्याशी ताडायला मांजर, कुत्रं, शेळी यांच्या कवट्या मोजून झाल्या होत्या. सगळ्यात जवळच्या नात्याची म्हैसच राहिली होती. बाळंतपणात दोन वर्षं गेली, आता सरांनी सोमवारची शेवटची मुदत दिली होती. कवटी गेली तर सगळंच गेलं.

आवाज ऐकून सासरे म्हाळूमामा ओट्यावरून आत आले. कवटीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुणी सांगितलं तुला आणायला?"

"कुणी नाही, मामा. मीच हुडकली."

"आपल्या मनानं?"

"हो."

ते टेकले. "कशापायी पण?"

तिनं त्यांचं बोट धरून दाढांच्या वरच्या भोकावर ठेवलं. "इथनं नस बाहेर येती. ओठाला, नाकाला जाती. गवत कोवळं का राठ, ते तोंडाला कळतं हिच्यामुळं. भोकावरनं नसेचा अंदाज येतो. त्या दगड झालेल्या जनावराला तोंडानं किती कळत हुतं, ते आता हिच्याशी ताडून बघायचंय."

"मेलेल्याला काय कळत हुतं, ते तुला कळतंय व्हय?"

"थोडं थोडं, मामा."

म्हाळूमामांचं बोट भोकावरच होतं. "मिसरूड फुटलं नव्हतं तवा बापासंगं वढायला जायचो. पाटलाची म्हैस मेली की सांगावा यायचा. पायाला दोर लावायचा आन् पाठ फिरवून चालायचं. तोंडाकडं कधी बघितलंच न्हाई म्या."

सोजरबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मग आता बघा बसून."

"ऱ्हाऊ दे सोमवारपतुर," म्हाळूमामा उठत म्हणाले. "आन् पोरी, नेताना गोणीत दडवू नगंस. तुला कुणी धाडलं न्हाई."

"व्हय, डोक्यावर घेऊन मिरव म्हणा. बँडवाला बी सांगा!" सोजरबाई चुलीकडं वळल्या. जाता जाता बजावलं, "भाकरीच्या परातीपाशी दिसली तर बघ मात्र."

भाग्यश्रीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं मोजपट्टी पुन्हा हातात घेतली. सम्राट केव्हाच जागा झाला होता. तो सरकत जवळ आला, कवटीच्या गालावरून हात फिरवला, मग स्वतःच्या.

"आई, आबांनी पाटलांची म्हैस ओढली?"

"हं."

"ती पाटलांचीच होती ना?"

"हो रे."

"मग त्यांनी का नाही ओढली?"