नाकसाहेबांची वासवही

जाणूनबुजून अपाय करणारा दोषी असतो, हे सांगायला शास्त्र लागत नाही. नकळत अपाय घडला तर क्षमा असावी, हेही सज्जनांना मान्य असते. परंतु आपल्याला काही कळूच नये अशी चोख व्यवस्था जो आधीपासून करून ठेवतो, आणि त्या व्यवस्थेच्या राखणीला एखादा प्रामाणिक मनुष्य नेमतो, त्याला कोणत्या पंक्तीत बसवावे, हे ठरवणे अवघड आहे. त्या प्रामाणिक मनुष्याने कुठे बसावे, हे त्याहून अवघड.

असा एक मनुष्य एका रासायनिक कारखान्यात नोकरीला होता. चपलांचे तळवे चिकटवण्याच्या गोंदात मिसळायचा एक पातळ, रंगहीन द्राव तिथे तयार होई. त्याला गोडसर वास होता, म्हणून कामगार त्याला गोडपाणी म्हणत. बावीस वर्षांपूर्वी कायदा आला, की कारखान्यातली हवा नित्य तपासली जावी. मालकांनी कायद्याचा मान राखला आणि हवा मोजण्याचे एक यंत्र मागवले. पहिल्याच दिवशी द्राव पिंपांत भरण्याच्या शेडमध्ये त्याचा काटा तांबड्या पट्ट्याच्या टोकाला गेला आणि तिथेच राहिला. अभियंत्याने यंत्राला दोन टिचक्या मारून पाहिल्या. काटा हलेना. तेव्हा यंत्र सदोष आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. त्याला तशी चिठ्ठी बांधून ते कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवण्यात आले, आणि किल्ली व्यवस्थापकांच्या खणात गेली.

हवा कशाने तपासावी, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. देवाने मनुष्याला नाक दिले आहे, त्याचा उपयोग करावा, असे ठरले. पाण्याच्या सात बाटल्यांपैकी एकीत गोडपाण्याचा एकच थेंब टाकून चाळीस कामगारांची परीक्षा घेतली गेली. एकानेच ती बाटली ओळखली, तीही तीन पावलांवरून. त्याला पांढरा कोट, वेगळी खुर्ची आणि घ्राणनिरीक्षक हे पद मिळाले. सोबत्यांनी त्याला नाकसाहेब हे नाव दिले, प्रथम टोमणा म्हणून आणि पुढे आदराने.

नाकसाहेबांनी ते पद व्रतासारखे सांभाळले. जमिनीवर अकरा पिवळी वर्तुळे रंगवलेली होती. रोज सकाळी प्रत्येक वर्तुळात उभे राहून ते डोळे मिटून दहा श्वास घेत आणि वहीत चारांपैकी एक शेरा लिहीत: उग्र, मध्यम, मंद किंवा वास नाही. घ्राणशक्ती निर्मळ राहावी म्हणून त्यांनी तंबाखू सोडली आणि कच्चा कांदा सोडला. घरात सुवासिक साबण आणायचा नाही, असा दंडक घातला. पत्नीला माहेरपासून मोगऱ्याच्या तेलाची आवड होती. तेही बंद झाले. ती बिचारी एवढेच म्हणाली, की या घरात नाक तेवढे एकट्या तुम्हालाच आहे, आम्ही बाकीचे कापून घेऊन आलो आहोत.

आरंभीच्या वह्यांत पानोपानी 'उग्र' दिसे. मग कुठे एखादी तोटी घट्ट केली जाई, कुठे एखादी खिडकी उघडली जाई. काही वर्षांनी 'मध्यम' वाढले, पुढे 'मंद'. अखेरची नऊ वर्षे तर सुंदर, वळणदार अक्षरात एकच शेरा होता: वास नाही. माळ्याने बाग फुललेली पाहावी तसे नाकसाहेब ती पाने पाहत. कंपनीने त्या उतरत्या शेऱ्यांचा आलेख काढून प्रवेशद्वारावर लावला आणि नाकसाहेबांच्या कोटावर 'शुद्ध हवेचे रक्षक' असे कोरलेले पितळी पदक लावले. एखाद्या नव्या कामगाराने डोके दुखते, वास सहन होत नाही, अशी कुरकुर केली, तर मुकादम त्याला आलेखासमोर उभा करून शांतपणे विचारी, "नाकसाहेबांना येत नाही, तो तुलाच बरा येतो?" कंपनीचे डॉक्टर प्रत्येकाला रोज एक पेला दूध देत. दूध विषाला बांधून ठेवते, असे ते सांगत. हे त्यांना कोणी सांगितले होते, हे त्यांनाही आठवत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी नाकसाहेबांची लेक तिथेच कामाला लागली. बापाने स्वतः शब्द टाकून तिला पॅकिंगच्या खोलीत जागा मिळवून दिली, कारण वासवहीत त्या खोलीइतकी निष्कलंक खोली दुसरी नव्हती. आता तिच्या बोटांची टोके बधिर झाली होती. सुईत दोरा ओवताना हात थरथरे. त्या खोलीतल्या आठ बायकांपैकी पाचजणींचे हेच गाऱ्हाणे होते. डॉक्टरांनी दुधाचा पेला मोठा केला. मग एकीने सरकारला पत्र लिहिले, आणि आठ दिवसांनी तपासनीस येणार, असे कळले.

व्यवस्थापकांनी एक निवेदन टंकून घेतले: पॅकिंगच्या खोलीत नऊ वर्षांत एकदाही वास आढळलेला नाही, सबब तक्रार निराधार आहे. खाली घ्राणनिरीक्षकाची सही हवी होती. तेवढी झाली की प्रकरण मिटणार होते आणि पाचहीजणी पुन्हा त्याच खोलीत कामाला बसणार होत्या. नाकसाहेब सही करायला निःशंक मनाने तयार होते. लेकीचे दुखणे खरे आहे, पण त्याचे कारण हवेत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. बावीस वर्षे जे स्वतः लिहिले त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

शनिवारी दुपारी उपाहारगृहात दूध करपले. पहिला घोट घेताच सगळ्या बाकांवरून पेले खाली ठेवले गेले. कोणी तोंड वाकडे केले, कोणी आचाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. नाकसाहेबांनी मात्र शांतपणे पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि आज दूध छान आटले आहे, असे म्हणाले. पलीकडच्या बाकावर लेक बसली होती. ती हसली नाही.

रविवारी जेवणे झाल्यावर तिने आईला बापाजवळ बसायला सांगितले आणि विचारले, "बाबा, आईच्या केसांना कसला वास येतोय?"

नाकसाहेबांनी वर्तुळात उभे राहिल्यासारखे डोळे मिटले. दहा श्वास घेतले. "कसलाच नाही," ते म्हणाले.

पत्नीच्या हातातली अडकित्त्यासारखी चालणारी कात्री थांबली. ती जुन्या कोटाच्या अस्तराचा उसवलेला दोरा कापत होती. "अहो, मोगऱ्याचं तेल आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षं लावतेय. पहिल्या दिवशी भीत भीत लावलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, जाऊ दे म्हणालात मनातल्या मनात. माझ्यासाठी."

नऊ वर्षे ती ज्याला नवऱ्याची माया समजत होती, ती माया नव्हती. ज्याला तो शुद्ध हवा समजत होता, ती शुद्ध हवा नव्हती. गोडपाण्याने नाक थोडे थोडे करून नेले होते, आणि ते किती गेले याची नोंद त्याच नाकाच्या मालकाने वळणदार अक्षरात ठेवली होती. अखेर नाकसाहेबांनी लेकीचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटांची टोके एकेक करून दाबली. कोणते बोट दाबले, ते तिला पाहिल्याशिवाय सांगता येईना.

सोमवारी ते व्यवस्थापकांकडे गेले आणि सारे सांगून टाकले. व्यवस्थापक सुसंस्कृत गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. "नाकसाहेब, तुम्ही लिहिलंत वास नाही. तुम्हाला नव्हताच येत. मग यात खोटं काय आहे?" ते मायेने म्हणाले. "दोन वर्षांवर निवृत्ती आली. कशाला स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसताय? सही करा आणि चार दिवस घरी विश्रांती घ्या." बोलणे इतके गोड होते, की पूर्वीचे नाक असते तर त्याचाही शेरा लिहिता आला असता.

ठरल्या दिवशी तपासनीस बाई आल्या. कचेरीत टेबलावर बावीस वह्या रचलेल्या होत्या, वर निवेदन आणि निवेदनावर उघडे पेन. पांढरा कोट घालून नाकसाहेब आले, पण पेन न उचलता त्यांनी खिशातून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, एकीत पाणी आहे, एकीत गोडपाणी. कशात काय, ते मला दिसणार नाही अशा बेतानं एकेक माझ्या नाकाखाली धरा."

बाईंनी बुचे काढली. एका बाटलीच्या वासाने व्यवस्थापकांना ठसका लागला. नाकसाहेबांनी डोळे मिटून दहा श्वास घेतले. मग दुसरीचे दहा.

"दोन्ही पाणी," ते म्हणाले. "या वह्यांतली शेवटची नऊ वर्षं अशीच आहेत. माझी लेक तिथं बसते, मी सांगितलं म्हणून. हवेला विचारायचं असेल तर त्या कपाटात एक यंत्र आहे. किल्ली साहेबांच्या खणात असते."

बाईंनी कपाट उघडवले. चिठ्ठी वाचली, यंत्र पाहिले आणि शेजारी स्वतः आणलेले नवे यंत्र ठेवले. दोन्ही घेऊन त्या पॅकिंगच्या खोलीत गेल्या. जुन्याच्या काट्याने गंज लागल्यासारखा क्षणभर विचार केला. मग दोन्ही काटे तांबड्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. बावीस वर्षे सदोष म्हणून कोंडलेल्या त्या यंत्रात काडीचाही दोष नव्हता. त्याच दुपारी खोलीला सील लागले आणि आठही बायकांना मोकळ्या हवेतल्या गोदामात काम देण्यात आले.

कंपनीनेही आपले कर्तव्य केले. आठवड्याच्या आत फलकावर परिपत्रक लागले, की एका कर्मचाऱ्याने आपले व्यंग लपवून कंपनीची घोर दिशाभूल केली असून त्याबद्दल कंपनीला तीव्र दुःख होत आहे. पदक परत मागवण्यात आले. सोबत खुलासा मागणारे एक पत्र होते: आपली घ्राणशक्ती नेमकी कोणत्या तारखेस नष्ट झाली, ते लेखी कळवावे.

नाकसाहेबांनी त्याच सुंदर अक्षरात उत्तर दिले: 'तारीख मला ठाऊक नाही. परंतु चौदाव्या वहीच्या तिसऱ्या महिन्यात शेवटचा "मंद" आहे. त्याच महिन्यात आपण मला पदक दिले. पदक सोबत परत पाठवत आहे, त्याच्या मागे तारीख कोरलेली आहे.'

त्या पत्राला उत्तर आले नाही. तपासनीस बाईंनी मात्र त्याची नक्कल मागून घेतली, आणि पहिल्या तेरा वह्याही, ज्या लिहिताना नाक जिवंत होते आणि 'उग्र' वाचूनही केवळ तोट्या घट्ट केल्या जात होत्या.

लेकीची बोटे पूर्ण बरी होतील, असे कोणी छातीठोक सांगितलेले नाही. पण परवा तिने तिसऱ्या प्रयत्नात सुईत दोरा ओवला. आई मोगऱ्याचे तेल आता उघडपणे लावते. नाकसाहेब रोज सकाळी तिच्याजवळ बसतात आणि विचारतात, "आज कसा आहे?" ती सांगते, "मंद." ते मान डोलावतात.

ज्यांनी त्या हवेत श्वास घेतला, त्यांचे उरलेले श्वास निर्मळ असोत. त्या पाचजणींच्या बोटांना पुन्हा स्पर्श कळो. ज्यांनी कपाटाला कुलूप घातले, त्यांनाही कधीतरी ते स्वतःच्या हाताने उघडण्याची बुद्धी होवो. आणि ज्याने आपले नाव देऊन लेकीचे हात सोडवले, त्याला एखाद्या पहाटे, ध्यानीमनी नसताना, मोगऱ्याचा वास येवो.