नप्पीची बरणी

आगरदांड्याच्या जेट्टीमागे काशीचं घर. पडवी रिकामीच होती, तिथे जाहेद, त्याची बायको सेनोवारा आणि म्हातारी आई राहायला आली. रोहिंग्या माणसं. ब्रह्मदेशात त्यांचं गाव जळलं. तो देश म्हणतो तुम्ही आमचे नव्हेच, आणि दुसरा कुठला देश त्यांना आपलं म्हणत नाही. जाहेद बोटींची जाळी शिवायचा, सेनोवारा काशीबरोबर जवळा सुकवायची. दिवस बरे चालले होते.

म्हातारीनं मात्र अन्न टाकलं होतं. दोन घास भात, वर पाणी. तिला हवी होती गावाकडची नप्पी, म्हणजे मुरवलेल्या जवळ्याचा उग्र वासाचा गोळा. म्हणून सेनोवारानं जवळ्याला मीठ लावलं, अर्धवट सुकवून कुटला आणि बरणीत दाबून मुरायला ठेवला.

सोमवारचा उपास म्हणून काशी रविवारीच घर सारवायची. त्या रविवारी पडवी सारवताना तिला वास आला. पोरीचा जवळा नासला, लाजेनं टाकत नसेल, असं वाटून तिनं बरणी माडाच्या आळ्यात रिकामी केली, राखेनं घासून उपडी ठेवली. वर मनातून खूशही झाली.

सेनोवारा आली आणि बरणीजवळ बसूनच राहिली. मग हळूच म्हणाली, "मौसी, वो सडा नहीं था. अम्मा का था."

काशीला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी, ऐन सोमवारी, बोट जवळा घेऊन आली. जवळा काही मंगळवारची वाट बघत नाही. लग्न झाल्यापासून सोमवारी मासळीला हात न लावणारी काशी टोपभर जवळा घेऊन पडवीत बसली. शेजारची गोदू कुंपणावरून म्हणाली, "काशे, आज महादेवाला सुट्टी काय?"

"उपास तोंडाचा हाय, हाताचा न्हाय," काशी म्हणाली. सेनोवारा नको नको म्हणत होती, तिला काशीनं मीठ टाकायला सांगितलं. नंतर जवळा उन्हात अर्धवट सुकला, तसं मुसळही स्वतःच धरलं. संध्याकाळी आंघोळ करून दिवा लावला, झालं ते देवाला सांगितलं. हातांचा वास जाईना, पण मन हलकं झालं.

बरणी सावकाश मुरली. मिरची-चिंच घालून सेनोवारानं कालवण केलं. म्हातारीनं एक घास घेतला, थांबली, सुनेकडे बघून काहीतरी तडतड बोलली. काशीनं सेनोवाराकडे बघितलं.

सेनोवारा तोंडाला ओढणी लावून हसत होती. "बोलती है, नमक कम है. बहू को कुछ आता नहीं."

"सुनेला नावं ठेवते ना? मग बरी झाली गं तुझी सासू," म्हणत काशीनं भाताचं भांडं पुढे ओढलं. म्हातारीनं आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.