'ळ'ची जागा

मी एक जुना खिळा आहे. मित्रांनो, खिळा म्हटल्यावर भिंतीकडे पाहू नका. टोप्या, छत्र्या अडकवण्याचा तो खिळा वेगळा. मी छापखान्यातला, शिशाचा. माझ्या डोक्यावर एक अक्षर कोरलेले आहे आणि ते आहे 'ळ'. आरशात दिसावे तसे उलटे. शाई लावून कागदावर दाबले की सुलटे होते.

मुंबईला गिरगावातल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तापलेले शिसे साच्यात पडले, थंड झाले आणि मी उभा राहिलो. माझ्या जातीला तशी फार मागणी नसते. 'क' आणि 'त' यांना खंडीने ओततात. मोठ्या टाइपात आम्ही 'ळ' फक्त दोघे होतो. लाँचमधून खाडीने दासगावपर्यंत, तिथून बैलगाडीने महाडात, असे आम्ही तळ्याजवळच्या एका लहानशा छापखान्यात येऊन पडलो. सन एकोणीसशे छप्पन असावे.

तिथले जुळारी मोरू. जुळारी म्हणजे एकेक खिळा उचलून शब्द जुळवणारा माणूस. पन्नाशीचे, तोंडात सदा विडा आणि जुळवताना मजकूर मोठ्याने म्हणायची खोड. लग्नपत्रिका असो की गुरांच्या बाजाराचे हँडबिल, ते सारख्याच गोड आवाजात म्हणत. पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून माझा जोडीदार फरशीवर पडला आणि त्याची शेपटी तुटली. तेव्हापासून मोठ्या टाइपातला 'ळ' म्हणजे मी एकटा. 'दिवाळी' माझ्यावाचून होत नसे, 'सकाळ' होत नसे. मी जरा चढून गेलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

या छापखान्यात 'पागोळी' नावाचे एक त्रैमासिक निघत असे. नवी कविता, रानावनावरचे लेख आणि साहित्याची टीका, असा त्यातला मजकूर. वर्गणीदार शंभराच्या आत आणि त्यातले निम्मे फुकटे. नावाचा लाकडी ब्लॉक करून घेतलेला होता, त्यामुळे त्या नावात मला जागा नव्हती. याचा मला राग होता.

संपादक होते सहदेव मास्तर. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. पायात वहाणा नसताना शिकले आणि महाडच्या शाळेत मराठी शिकवू लागले. माणूस हुशार, पण जिभेला धार फार. 'झाडाझडती' नावाचे सदर ते लिहीत आणि त्यात शहरातल्या कवींची सालटी काढत. कोणा बिचाऱ्याने कवितेत जांभळाला दिवाळीत बहर आणला होता. मास्तरांनी त्याच्यावर दोन पाने खर्ची घातली. "ज्याने करवंदीचा काटा पायात मोडून घेतला नाही, त्याने करवंदीचे नाव घेऊ नये. उसना निसर्ग आम्हाला नको," असे त्यांनी लिहिले. मोरू ते जुळवताना हसून हसून विडा गिळायचे राहिले होते.

मग एका अंकात मास्तरांनी स्वतःची कविता दिली, मोठ्या टाइपात. चारच ओळी.

उन्हं गेली ओढ्यापल्याड
करवंदीच्या जाळीआड
दार लावू नका कुणी
अजून यायची घराकडं

'जाळी' या शब्दात मी बसलो. अंक निघाला, जुळणी सोडली, मी पुन्हा माझ्या खणात जाऊन पडलो आणि विसरलो. पण दोन महिन्यांनी पुण्याच्या एका मासिकात तिथल्या एका मोठ्या टीकाकाराने या चार ओळींवर लेख लिहिला. "या कवितेत माणसाची सावलीसुद्धा नाही. हा निखळ निसर्ग आहे. करवंदीच्या जाळीतून गाळून आलेले ऊन मराठीत प्रथमच दिसते आहे." मास्तरांनी तो लेख छापखान्यात मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्यांचे कान लाल झाले होते. मोरूंनी त्यांना पेढे मागितले. जाळीचे कौतुक म्हणजे माझेच कौतुक, असे समजून मी खणात ताठ पडून राहिलो.

दिवाळी अंक तोंडावर आला. तो लेख आणि ती कविता पहिल्या पानावर पुन्हा छापायची, असे ठरले. मोरू जुळवायला बसले आणि मास्तर शेजारी प्रुफे तपासू लागले. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर गाठोडे, पाय धुळीने भरलेले. ती मास्तरांची आई, ठकूबाई. गणपतीपासून लेक घरी फिरकला नव्हता, म्हणून नाचणीचे पीठ आणि करांद्याचे कंद घेऊन ती एस.टी.ने आली होती. मास्तरांच्या खोलीला कुलूप दिसले, शेजाऱ्यांनी छापखाना दाखवला.

"आये, तू कशाला आलीस एवढ्या लांब?" मास्तर म्हणाले. ते आनंदाने म्हणाले की अवघडून, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

"तू येत नायस, मग मी येनार. तुझं काम चालू दे. मी बसते हितंच."

ती कागदाच्या गठ्ठ्यावर टेकली. मोरूंनी मान डोलावून रामराम केला आणि आपले काम पुढे चालू केले. एकेक खिळा उचलत ते सवयीप्रमाणे म्हणू लागले, "उन्हं... गेली... ओढ्यापल्याड..."

"उन्हं नाय रे बाबा," ठकूबाई म्हणाली. "तुळजा."

मोरूंचा हात थांबला. त्या वेळी मी त्यांच्या समोरच्या खणात होतो, 'जाळी'त बसण्याच्या तयारीत.

"काय म्हणालात, मावशी?"

"तुळजा गेली वढ्यापल्याड. उन्हं कशाला जातील? उन्हं तर रोज येतात."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल प्रुफावर टेकलेलीच राहिली. ठकूबाईने मात्र पुढच्या ओळी आपल्या आपण म्हटल्या, हळू आवाजात, चालीवर. करवंदीच्या जाळीआड. दार लावू नका कुनी. अजून यायची घराकडं. म्हणून झाल्यावर तिने मोरूंना सरळ सांगितले, जसे कोणी घरचा पत्ता सांगावा तसे. तुळजा तिची धाकटी लेक. आठव्या वर्षी तापाने गेली. वाडीत लहान मुलांना ओढ्यापलीकडे करवंदीखाली पुरतात, तिथेच तिला ठेवले. त्यानंतर कितीतरी दिवस ठकूबाई तिन्हीसांजेला घराचे दार लावू देत नसे आणि उंबऱ्यावर बसून हेच म्हणत असे. थोरला सहदेव तेव्हा आत चिमणीपाशी पुस्तक घेऊन बसलेला असे.

मित्रांनो, तेव्हा मला कळले की जिला सगळे ऊन म्हणत होते ती एक मुलगी होती. मास्तरांनी फक्त एक शब्द बदलला होता. मराठीसुद्धा कशी पाहा. 'उन्हं गेली' आणि 'तुळजा गेली', 'उन्हं यायची' आणि 'तुळजा यायची'. शब्द बदलला तरी क्रियापदाला पत्ता लागला नाही, तर पुण्याच्या टीकाकाराला कुठून लागणार? आणि ज्या जाळीत बसून मी मिरवत होतो, ती एका पोरीच्या मातीवरची होती. शिशाला लाजेने तोंड लपवता येत नाही, एवढेच.

मास्तरांची अवस्था माझ्याहून वाईट होती. आई आता रागावेल, बोल लावेल, म्हणून ते मान खाली घालून बसले होते. बोल लावला असता तर बरे झाले असते. पण ठकूबाईच्या तोंडावर हसू होते.

"तुला ध्यानात हाय व्हय रे, सहदेवा?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तिचं नाव घेनारी आता मी एकटीच राहिले. तू तर पार छापलंस. मग तिचं नाव कुठं हाय?"

मास्तरांनी ओठ ओले केले.

"ते... छापताना राहिलं, आये."

सगळ्या महाडाला खरेखोटे शिकवणारा हा माणूस आपल्या आईशी खोटे बोलला. तिने ते लगेच खरे मानले.

"राहतं कधी कधी," ती म्हणाली. "मानसाच्या हातून राहतं. आता घाल."

मास्तर उठले आणि मोरूंजवळ आले. "मोरूभाऊ, उन्हं काढा. तुळजा घाला."

मोरू हळूच म्हणाले, "मास्तर, एकच 'ळ' आहे. तो जाळीला लागतो. दुसरा मुंबईहून मागवायचा तर दिवाळी उलटून जाईल."

"मग जाळी काढा. नुसतं 'करवंदीच्या आड' करा."

"अहो, पुणेकरांनी जाळीचंच तर एवढं..."

"काढा म्हणतो ना!" मास्तर ओरडले आणि लगेच भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. मोरूंनी मला उचलून 'तु' आणि 'जा' यांच्या मध्ये बसवले. एवढी वर्षे मी किती शब्दांत बसलो असेन, पण इतक्या जपून मला कधी कोणी ठेवले नव्हते.

ठकूबाईने जवळ येऊन विचारले, "ह्यात ती कुठली?" मास्तरांनी तिचे बोट धरले आणि नेमके माझ्यावर टेकवले. बहुधा डोळे भरलेले असल्यामुळे त्यांना शब्दाची सुरुवात दिसली नसावी. ते बोट खरखरीत होते आणि त्याला नाचणीचे पीठ लागलेले होते.

अंक निघाला. पुण्याच्या टीकाकाराने पुढे लिहिले की खाजगी शोकाने एक निर्मळ कविता गढूळ झाली, शिवाय 'करवंदीच्या आड' इथे लय लंगडते. प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या मास्तरांनी या वेळी उत्तर दिले नाही. 'झाडाझडती' हे सदरही त्यांनी बंद केले. एकदा मोरूंनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कोणत्या तोंडाने लिहू?"

चार-पाच वर्षांनी छापखान्यात नवा टाइप आला. झिजलेले आम्ही सगळे पोत्यात भरून गाळायला जाणार होतो. मोरूंनी मला तेवढे बाजूला काढले, रॉकेलच्या बोळ्याने पुसले आणि मास्तरांच्या हातावर ठेवले. मास्तर मला खिशात घालून डोंगरावर घेऊन गेले.

आता मी ठकूबाईच्या चंचीत असतो, सुपारी आणि चुन्याच्या डबीच्या सोबतीला. मित्रांनो, तुमच्या गावात एखादा जुना छापखाना असेल आणि त्यातले खिळे मोडीत निघत असतील, तर ते जाण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. कोणाचे नाव त्यांनी धरून ठेवले आहे, ते वरून दिसत नाही. आणि कोणाचे बोलणे उचलून तुम्ही कविता कराल, तर त्यातला माणूस तेवढा गाळू नका. माझे एवढेच मागणे आहे.

दर दिवाळीला ठकूबाई मला काजळीत बुडवते आणि दाराच्या चौकटीवर दाबून उमटवते. नुसता एक 'ळ'. शेजारणीने विचारले तर ती बोट लावून दाखवते, "ही माझी तुळजा. सहदेवानंच दावली मला." मास्तर दिवाळीला आता न चुकता घरी येतात. हे त्यांच्या देखत चालते. साऱ्या महाडाच्या शुद्धलेखनात चुका काढणारे मास्तर खाली मान घालून वाकतात, तिच्यासाठी काजळीची वाटी धरतात आणि त्या चौकटीला कधीही चूक म्हणत नाहीत.